एका खोलीत दोन बॉक्स: आडोसा की ब्लूटूथ?

इन्फ्रारेड रिमोटवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारे एकाच मॉडेलचे दोन टीव्ही सेट-टॉप बॉक्स शेजारी ठेवले की एका रिमोटने दोन्ही चालतात. दोघांचा कोड एकच असतो.

फुकटचा उपाय म्हणजे आडोसा. बॉक्सवर हा प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याची नळी चिकटवा, समोरून नेम धरून बटण दाबा. पण हा प्रकाश भिंतीवरून परततो, त्यामुळे लहान खोलीत गोंधळ थोडाफार उरतोच. शिवाय दिसतंही गबाळं.

ब्लूटूथ रिमोटला ही कटकट नाही. फायर टीव्ही स्टिकचा (टीव्हीला लावायच्या ॲमेझॉनच्या छोट्या उपकरणाचा) रिमोट होम बटण १० सेकंद दाबून जोडला की दुसरी स्टिक त्याला दाद देत नाही. मेख एवढीच, टीव्हीच्या आवाजाची बटणं सहसा इन्फ्रारेडवरच चालतात. दोन्ही टीव्ही एकाच कंपनीचे असतील तर आवाज दोन्हीकडे वाढू शकतो!

नवीन घेणार असाल तर ब्लूटूथच घ्या.