इमारती लाकडाची शेती: निवडक बियांची रोपे की क्लोन?

बांधावर किंवा थोड्याशा जमिनीवर सागवान, निलगिरी अथवा सिल्व्हर ओक लावू पाहणाऱ्या शेतकऱ्यापुढे सुधारित लागवडीचे दोन मार्ग असतात. निवडक मातृवृक्षांच्या किंवा बीजोद्यानातील (उत्तम बियांसाठीच राखलेल्या बागेतील) बियांपासून केलेली रोपे हा पहिला मार्ग. एकाच उत्तम झाडाची छाट कलमाने वा ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चर) वाढवलेली प्रतिरूपे, म्हणजे क्लोन, हा दुसरा. प्रत्यक्षात मात्र बहुतेक जण हाताशी आलेले बी पेरतात, आणि खरे नुकसान तिथेच होते. सरळ, जाड झाडे आधी विकली जातात. बी उरते ते वाकड्या आणि फांद्याळ झाडांचे. शिवाय एकट्या उभ्या असलेल्या झाडाच्या बियांमध्ये स्वपरागणाचे, म्हणजे त्याच झाडाच्या परागांनी बी धरण्याचे, प्रमाण अधिक असण्याची शक्यता असते, आणि अशी संतती सहसा दुबळी निपजते.

क्लोनचे बळ असे की मूळ झाडाचे सर्व आनुवंशिक गुण त्यात जसेच्या तसे उतरतात, तर बियांच्या रोपात त्यांतला काही अंशच येतो. ब्राझीलमधील अराक्रूझ कंपनीच्या तज्ज्ञांनी निलगिरीची क्लोन लागवड मोठ्या प्रमाणावर यशस्वी केली आणि त्यासाठी 1984 मध्ये त्यांना मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. कागदाच्या लगद्यासाठी किंवा बल्ल्यांसाठी काही वर्षांतच तोडणी करायची असेल, खरेदीदार जवळ असेल आणि एकसारखा माल हवा असेल, तर क्लोनला तोड नाही.

परंतु ही एकसारखेपणाची बाजू उलटली की फार महागात पडते. लेप्टोसायबी इनव्हेजा ही गाठी करणारी कीड 2000 सालानंतर निलगिरी पिकवणाऱ्या अनेक देशांत पसरली, तेव्हा तिला बळी पडणाऱ्या क्लोनचे मळेच्या मळे एकाच वेळी खुरटले. कंपनीकडे बदलून लावायला इतर क्लोन असतात. ज्याने आपली सगळी जमीन एकाच क्लोनखाली आणली, त्याच्याकडे ती सोय नसते. म्हणून क्लोनच लावायचे असतील तर एकाऐवजी अनेक घ्यावेत, आणि आपल्यासारख्याच मातीत व पावसात त्यांची चाचणी झाली आहे का, हे रोपवाटिकेला विचारावे. इतर ठिकाणी गाजलेला क्लोन आपल्या खडकाळ जमिनीत मागे पडू शकतो.

बियांच्या रोपांत विविधता असते, आणि तिचा लाभ मिळतो तो विरळणीतून. 3 बाय 3 मीटरवर हेक्टरी 1,111 सागरोपे लावली आणि टप्प्याटप्प्याने सुमारे 200 ते 300 ठेवली, तर वाकडी, दुभंगलेली, रोगट झाडे काढून उत्तम तेवढी राखता येतात. म्हणजे शेतकरी स्वतःच आपल्या शेतात निवड करत असतो. क्लोनच्या विरळणीत अंतर वाढते, निवडीला फारसा वाव राहत नाही. उलट, ज्याला उभे झाड तोडवत नाही, त्याने बियांची दाट लागवड करूच नये. जावा बेटावरील गुनुंग किदुल भागातील छोटे सागवान उत्पादक विरळणी टाळतात आणि पैशांची गरज पडली की जाड झाड विकतात. अशा व्यवहारात सुधारित वाण आणूनही दाटीमुळे खोडे बारीकच राहतात.

बियांच्या बाजूची खरी अडचण पुरवठ्याची आहे. सागाच्या बीजोद्यानांतून बी कमी मिळते आणि कठीण कवचामुळे ते अनियमित उगवते, त्यामुळे ‘निवडक’ ही चिठ्ठी लावून कोणतेही बी खपवले जाऊ शकते. स्वतः बी गोळा करणार असाल, तर एकमेकांपासून दूर असलेली किमान 30 निरोगी, सरळ झाडे निवडावीत. एवढी झाडे एका शेतकऱ्याच्या आवाक्यात नसतात, म्हणून हे काम गटाने केलेले बरे.

दीर्घ मुदतीच्या सागासाठी माझा कौल खात्रीच्या बियांकडे आहे. ‘झटपट सागवान’ म्हणून विकल्या जाणाऱ्या क्लोनबद्दल सावध राहावे, कारण खोड लवकर जाडावले तरी कोवळ्या वयात त्यात रसकाष्ठ (सालीलगतचे कच्चे लाकूड) अधिक आणि टिकाऊ गाभा कमी असतो. गाभ्याचे प्रमाण वयाबरोबर वाढते. फांद्या बारीक असतानाच छाटल्या नाहीत, तर दोन्ही प्रकारांत फळीवर गाठी उमटतात, आणि खरेदीदार भाव पाडतो तो त्या पाहून.

पुढच्या लागवडीचा विचारही आताच करावा. निलगिरीचा क्लोन तोडल्यावर बुंध्याला येणारे फुटवे त्याच गुणांचे असतात, त्यामुळे दुसरे पीक रोपांविना घेता येते. एकाच क्लोनच्या मळ्यातले बी मात्र पेरू नये, कारण तिथे शेजारची झाडेही आनुवंशिकदृष्ट्या तेच झाड असतात, म्हणजे ते स्वपरागणच ठरते.