जुने ड्रायर दुरुस्त करावेत की बदलावेत : भोसरीच्या एका वर्कशॉपच्या कामाचा अनुभव

पुण्यात कर्वेनगरच्या वसतिगृहांजवळ आमची लाँड्री आहे. ग्राहक स्वतः मशीन लावतात, कपडे वाळवतात आणि घडी करून घेऊन जातात. गॅसवर चालणारे तीन ड्रायर 2013 मध्ये घेतले होते. गेल्या पावसाळ्यात चाळीस मिनिटांच्या फेरीला पासष्ट-सत्तर मिनिटे लागू लागली आणि रात्री शटर ओढायच्या वेळी मुली ओल्या जीन्स वाळण्याची वाट पाहत बाकावर बसलेल्या दिसू लागल्या. विक्रेत्याने तिन्ही मशीन बदलण्याचा सल्ला दिला. तो मान्य करण्यापूर्वी भोसरी एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपला बोलावले, आणि हा अभिप्राय त्यांच्या कामाविषयी आहे.

त्यांच्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी ड्रायर उघडलाच नाही. त्यांनी आठ किलो कोरड्या चादरी धुवायला लावल्या आणि पिळून निघाल्यावर पुन्हा वजन केले, ते साडेतेरा किलोच्या वर भरले. म्हणजे साडेपाच लिटरहून अधिक पाणी ड्रायरच्या माथी येत होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 0.65 युनिट इतकी उष्णता लागतेच, त्यात कोणतेही मशीन सवलत देत नाही. तेच पाणी धुलाईयंत्राने गरगर फिरवून काढले, तर त्याला फारच थोडी वीज पुरते. मशीन हादरते म्हणून आम्हीच पूर्वी पिळण्याचा वेग कमी करून घेतला होता. त्यांनी पायाचे बोल्ट आवळून वेग पूर्ववत केला आणि ड्रायरला हात लावण्याआधीच प्रत्येक फेरीतली काही मिनिटे वाचली.

दुसरा दोष मला फार लागला. आमच्याकडे सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला, तेव्हा जोडणी करणाऱ्या कारागिराने एका ड्रायरच्या बर्नरचे जेट बदललेच नव्हते. घरची शेगडी पाइपच्या गॅसवर घेताना मोठ्या छिद्राचे जेट बसवावे लागते, कारण तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूत एलपीजीपेक्षा खूप कमी उष्णता असते. ड्रायरलाही तोच नियम लागू आहे. दोन वर्षे ते मशीन अर्धपोटी चालले आणि आम्ही त्याच्या वयाला दोष देत राहिलो.

उरलेला दोष हवेच्या वाटेचा होता. पंखा हवा ओढून बाहेर फेकतो, त्यामुळे ड्रममध्ये आतल्या बाजूला ओढ असते. ड्रमच्या कडेचा फेल्ट, म्हणजे फट बुजवणारी जाड कापडी पट्टी, झिजला की बर्नरवरून तापून येणाऱ्या हवेऐवजी खोलीतली गार हवा त्या फटीतून आत शिरते. गच्चीकडे जाणाऱ्या वळ्यावळ्यांच्या पाइपात तर कपड्यांच्या तंतूंचा थर हाताला गादीसारखा लागला. कोरडे तंतू आणि जवळच ज्योत, हे पाहून मला रात्री झोप लागली नाही. आता तेथे आतून गुळगुळीत असा पत्र्याचा पाइप आहे, वळणे दोनच ठेवली आहेत आणि सफाईसाठी त्याला झाकण आहे. बाहेरची हवा आत यावी म्हणून मागच्या भिंतीत जाळीही काढली, कारण पावसात काचेचे दार बंद असले की ड्रायरला ओढायला हवाच उरत नसे.

दोन ड्रायर त्यांनी वर्कशॉपमध्ये नेऊन बेअरिंग, आधाराचे रोलर, पट्टा, फेल्ट आणि उष्णता मर्यादेबाहेर गेल्यास बर्नर बंद करणारा थर्मोस्टॅट बदलून परत आणले. प्रत्येकाचा खर्च नव्या मशीनच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या आत राहिला. तिसरा मात्र त्यांनी घेतला नाही. त्याचा मागचा शाफ्ट बसतो ती जागाच झिजून मोठी झाली होती आणि कंट्रोल बोर्ड आता मिळत नाही, त्यामुळे यावर पैसे घालू नका, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. हातचे काम सोडून दिलेला हा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटला. त्याच्या जागी घेतलेल्या नव्या ड्रायरचा ड्रम आलटून-पालटून दोन्ही दिशांना फिरतो, त्यामुळे चादरींचा गोळा होऊन मध्यभाग ओला राहत नाही. ही सोय जुन्या मशीनना नाही आणि दुरुस्तीने ती आणताही आली नाही.

तक्रार उशिराची आहे. आठ दिवसांची कबुली देऊन त्यांनी एकोणीस दिवस लावले, तेही जुलैमध्ये, जेव्हा दोरीवर काहीच वाळत नाही. हे काम उन्हाळ्यातच काढावे आणि एका वेळी एकच मशीन न्यायला सांगावे. सध्या तिन्ही ड्रायरवर भरलेली फेरी बेचाळीस ते पंचेचाळीस मिनिटांत वाळते. बेअरिंगची सहा महिन्यांची हमी त्यांनी तोंडीच दिली होती, ती मी मागितल्यावर बिलावर लिहून मिळाली. फेल्टची हमी मात्र ते देत नाहीत.