परदेशी शिक्षकभरतीची सल्लासेवा : कागदपत्रे चोख, उत्तरे मात्र उसनी

परदेशातील शाळांमध्ये शिक्षकांना नोकरी मिळवून देणाऱ्या एका सल्लासेवेमार्फत मी इंग्रजी शिकवण्यासाठी देश सोडला, त्याला आता दोन शैक्षणिक वर्षे होत आली आहेत.

कागदपत्रांच्या कामात या सेवेला नाव ठेवायला जागा नाही. 1961 च्या हेग करारातील देशांमध्ये पदवी प्रमाणपत्रावर अपोस्टील (कागदावरील सही-शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला) चालते, कराराबाहेरील देशासाठी मात्र दूतावासाचे साक्षांकन लागते, आणि ज्या देशात कागद तयार झाला त्याच देशाला त्यावर अपोस्टील देता येत असल्यामुळे हे काम निघण्यापूर्वीच उरकावे लागते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितले. शुल्काबाबतही त्यांचा व्यवहार स्वच्छ होता. खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1997 चा 181 क्रमांकाचा करार सर्वसाधारणपणे सांगतो. हा करार सर्व देशांनी स्वीकारलेला नसला, तरी या सेवेने आपला मोबदला शाळेकडूनच घेतला आणि तसे मला लेखी दिले.

माझी तक्रार आहे ती ‘कुटुंबाशी संवाद’ या नावाने दिल्या जाणाऱ्या सत्राबद्दल आणि त्यासोबतच्या पुस्तिकेबद्दल. परदेशात का जातेस, या प्रश्नाला ‘मला नवी संस्कृती अनुभवायची आहे’ हे तिच्यातले पहिले उत्तर. मुलाखतीत ते खपून गेले, घरी बाबांनी एवढेच विचारले, “शिकवायला मुलं इथं नाहीत का?” आणि पुस्तिका तिथेच संपली. पगाराचा उल्लेख टाळावा, अशीही तीत सूचना होती, जी मला सर्वांत चुकीची वाटते, कारण पैशांबद्दल मौन पाळले की ऐकणारा उरलेली गोष्ट स्वतःच रचतो, आणि ओळखीच्यांनी ती ‘हिला इथे कुणी नोकरी देत नसावे’ अशी रचलीही.

अखेर उपयोगी पडला तो करारनामा. त्यातील मुदत, आरोग्य विमा, राहण्याची सोय, दरवर्षीचे परतीचे तिकीट आणि नोकरी सोडायची झाल्यास द्यावयाची पूर्वसूचना ही कलमे मी आईला एकेक करून वाचून दाखवली. तिने विम्याचे कलम दोनदा वाचायला लावले. तिला माझ्या निर्णयामागचे तत्त्वज्ञान नको होते. मी आजारी पडले तर दार कोण उघडणार, हे हवे होते. बाबांना मी खरे कारण सांगितले : एकच पाठ्यपुस्तक वर्षानुवर्षे शिकवून माझे प्रश्न बोथट झाले होते, आणि पगारही जास्त होता. ते खूश झाले नाहीत, पण पुन्हा विचारलेही नाही.

गंमत म्हणजे इथल्या शिक्षककक्षातही पहिल्याच आठवड्यात तोच प्रश्न उलट बाजूने आला : तुमच्याकडे शिक्षक नको आहेत का? संस्कृतीचे उत्तर इथे तर अधिकच पोकळ वाटले असते, कारण ज्यांची संस्कृती मी ‘अनुभवायला’ आले होते, तेच समोर चहा पीत बसले होते. मी बाबांना दिलेलेच उत्तर दिले, आणि एका सहकारी बाईंनी त्यांचे पाठ्यपुस्तक किती वर्षे जुने आहे ते सांगितले.

कागदपत्रांसाठी ही सेवा अवश्य घ्यावी. संवादाचे सत्र ऐच्छिक आहे. त्याऐवजी करारनाम्याचा मसुदा लवकर मागून घ्यावा, कारण मला तो मागितल्यावरही तीन आठवड्यांनी मिळाला.