हायरायडर हायब्रिड: दीड वर्षानंतर ॲव्हरेज आणि पैसे-वसुलीचा हिशेब

टोयोटा हायरायडरचं स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर वीज-मोटर, आणि नुसत्या मोटरवरही चालणारी गाडी) घेऊन दीड वर्ष होत आलं. रोज सिंहगड रोड ते हिंजवडी, अधूनमधून कोल्हापूर. भेटणारा प्रत्येक जण "ॲव्हरेज किती देते?" एवढंच विचारतो. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्तीचे मोजलेले पैसे कधी फिटतात, हे विचारणारे फार थोडे. म्हणून हे सविस्तर.

कागदावर लिटरला 27.97 किलोमीटर. हा आकडा ज्या चाचणीतून येतो ती रोलरवर, एसी बंद ठेवून होते आणि वेग 90 च्या वर जात नाही, त्यामुळे रस्त्यावर तेवढं धरूच नका. मी एकाच पंपावर नोझल कट होईपर्यंत टाकी भरून हिशेब ठेवतो. स्क्रीनवरच्या आकड्यावर कुठल्याही गाडीत विसंबू नये. शहरात एसी लावून 22-23 पडतं. वाकडच्या रांगेत ही गाडी मला मनापासून आवडते. इंजिन बंद, मोटरवर गाडी पुढे सरकते, ब्रेक दाबला की बॅटरी भरते. बाकीच्या गाड्या जिथे सगळ्यात जास्त पेट्रोल पितात, नेमकं तिथेच ही वाचवते. हायवेला 100-110 वर मात्र 19 च्या आसपास.

घाट उतरताना एक गोष्ट नव्या माणसाला घाबरवते. बॅटरी जेमतेम 0.76 युनिटची, लांब उताराच्या अर्ध्या वाटेतच पूर्ण भरते. मग 'बी' मोडमध्ये (उतारावर गाडी रोखून धरायचा गिअर) इंजिन एकदम मोठ्याने ओरडायला लागतं. गाडी बिघडलेली नसते. जास्तीची वीज इंजिन फिरवण्यात खर्च होते, पेट्रोल जळत नाही.

आता पैसे. याच गाडीचं साधं पेट्रोल ऑटोमॅटिक त्याच ट्रॅफिकमध्ये 14 देतं (ऑफिसातल्या मित्राकडे आहे). म्हणजे हजार किलोमीटरला साधारण 27 लिटर वाचतात, 104 च्या भावाने 2,800 रुपये. ऑन-रोड फरक तीन लाखांच्या घरात. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला वसुलीला नऊ वर्षं, माझ्यासारख्या दीड हजारवाल्याला सहा. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, हे त्याच्याशी ताडून पाहा. निव्वळ हायवेला चालवणार असाल तर बचत इतकी थोडी की वसुलीला पंचवीस वर्षंही पुरणार नाहीत. तिथे हायब्रिड घेऊ नका, असं स्पष्टच सांगतो.

ॲव्हरेजचा आकडा फसवा असतो. 10 वरून 15 वर गेलात तर हजार किलोमीटरला 33 लिटर वाचतात. 20 वरून 25 वर गेलात तर फक्त 10. त्यामुळे ज्यांची सध्याची गाडी खूप पिते, खरा फायदा त्यांचा. ज्यांची आधीच 20 देते त्यांनी टायरमध्ये हवा नीट ठेवावी, वेग 80-90 वर आणावा. त्याला खर्च काहीच नाही.

उत्तर प्रदेशने 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. आपल्याकडे महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीसारखाच 12 टक्के भरावा लागला, म्हणजे दोन लाखांच्या वर. तेवढे वाचले असते तर माझी सहा वर्षांची वसुली दोन वर्षांच्या आत आली असती.