फॅन मालासाठी पोस्ट की कुरिअर?

फॅन माल, म्हणजे चाहत्यांसाठीच्या सिनेमाच्या वस्तू, परदेशी कशा पाठवायच्या? सिनेमाचं चित्र छापलेला टी-शर्ट घडी घालून पाकिटात जातो. तो सरळ पोस्टाने पाठवावा. आंतरराष्ट्रीय टपालात छोट्या पाकिटाची मर्यादा 2 किलो, त्यात पाच-सहा टी-शर्ट आरामात बसतात. की-चेन, बिल्ले यांचंही तेच.

सिनेमातल्या पात्राच्या छोट्या पुतळ्याचं गणित वेगळं. संग्राहकाला डब्याचा कोपरा दबलेलाही चालत नाही (आतला पुतळा धडधाकट असला तरी!), म्हणून खोक्यात खोकं आलं. आणि कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात, जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात: 40×30×25 सेंमी भागिले 5000 (हा त्यांचा नेहमीचा भाजक), म्हणजे 6 किलोचे पैसे, माल भले दीड किलोचा असो. तरीही मी पुतळा कुरिअरनेच पाठवेन. दारापर्यंत ट्रॅकिंग मिळतं, जादा पैसे भरले की विमा, आणि कस्टमचे कागद सहसा तेच पुढे सरकवतात.