रोपफिशच्या टाकीसाठी जाळीचं झाकण: आठ महिन्यांनंतर

हे झाकण मी एका माशासाठी घेतलं. रोपफिश दिसतो सापासारखा, पण तो वाम नव्हे. बिचर नावाच्या माशांच्या कुळातला हा मासा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या संथ पाण्यात राहतो. लांबी साधारण ३७ सेंटिमीटरपर्यंत, हवेतून श्वास घेणारी फुप्फुसं, आणि फट दिसली की बाहेर पडायची सवय. जुन्या झाकणाला फिल्टरच्या नळीसाठी दोन बोटांची खाच होती. एका पहाटे तो कपाटामागे धुळीने माखलेला सापडला. ओल्या हातांनी उचलून पाण्यात सोडला, वाचला. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

नव्या झाकणाला चारी कोपऱ्यांत घट्ट क्लिपा आहेत. जाळी बारीक, हवा खेळती. वर येऊन श्वास घेता यावा म्हणून पाणी मी काठापासून चार बोटं खाली ठेवते. नळीची खाच मात्र इथेही मोठीच! स्पंज कापून बसवावा लागला. बनवणाऱ्यांनी एवढा विचार करायलाच हवा होता.

सगळ्यात आवडली ती खाऊ घालायची छोटी खिडकी. त्याची नजर मंद, शिकार वासावर. दिवे मालवून चिमट्याने गांडूळ सोडलं की तो नाकपुड्यांच्या दोन नळ्या पुढे करून तळ हुंगत येतो, अगदी सावकाश, आणि मग एकदम झडप. यासाठी मी कितीदा जागले आहे! (निऑन टेट्रासारखे चिमुकले मासे सोबत ठेवू नका, गिळतो.)

जाळीवर क्षार साचतात, दर आठवड्याला पुसते. तरीही पुन्हा हेच घेईन.