तान्हं आणि दुडदुडतं एकत्र: मावशी, पाळणाघर की आजी?

बाळंतपणाची रजा कायद्याने 26 आठवडे. ती संपते तेव्हा धाकटं नुकतं कूस पालटायला लागलेलं असतं आणि थोरलं सोफ्यावरून उड्या मारत असतं. आमच्याकडे धाकटी 7 महिन्यांची, थोरला अडीच वर्षांचा. खरी गोची सकाळी अकरा ते एकची. हिला झोप आलेली, त्याला भूक लागलेली आणि अंगात वारं भरलेलं. तिन्ही पर्याय मी त्या दोन तासांवरच तोलले.

घरी येणाऱ्या मावशींचा फायदा उघड आहे. आपली झोळी, आपला मऊभात, धाकटीची झोप वेळेवर. पण माणूस एक आणि पोरं दोन. तिसऱ्याच दिवशी मावशी झोळीला झोका देत होत्या, धाकटी टक्क जागी, आणि थोरल्याने "बाळ, आ कर" म्हणत भाजलेला शेंगदाणा तिच्या ओठांशी नेला. मी घरून काम करत होते म्हणून दिसलं. तेव्हापासून शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं वरच्या फळीवर. दुसरी धास्ती मोबाइलची. दोघं एकदम रडली की तो हमखास बाहेर येतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको म्हणते, दोन ते चार वर्षांच्या मुलाला फार तर तासभर.

त्यापेक्षा थोरल्याला कामाला लावावं. दुपटं आण, खुळखुळा वाजव. आमच्याकडे चालणारा खेळ म्हणजे धाकटीला सतरंजीवर पालथं घालायचं आणि तिच्यासमोर त्याने स्टीलच्या वाट्यांची उतरंड रचायची. ती पडली की दोघंही खिदळतात. रांगायला न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून अर्धा तास पालथं ठेवावं असं सांगतात, तो असा सहज भरतो. (शेजाऱ्यांची दुपारची झोप मात्र जाते.)

पाळणाघरात थोरला खुलतो, बोलायला लागतो, डबा हाताने संपवतो. तान्ह्याचं तसं नाही. एकाची सर्दी दुसऱ्याला, परत पहिल्याला. फीही दोघांची. बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं सोडा. तान्ह्यांची खोली वेगळी आहे का आणि एका ताईंकडे किती बाळं आहेत, ते विचारा. ऑफिसात 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. धाकटीला अंगावर पाजत असाल आणि ती जागा खरोखर जवळ असेल, तर हा पर्याय आधी तपासा.

आजी? मांडीवर घ्यायला आजीसारखं कोणी नाही. पण पासष्टीच्या गुडघ्यांनी अडीच वर्षांच्या पोरामागे धावायचं, तेही दिवसभर, हे मला पटत नाही.

आम्ही दोघांना एकाच ठिकाणी ठेवायचा हट्ट सोडला. थोरला साडेनऊ ते साडेबारा पाळणाघरात, धाकटी मावशींकडे. त्याला आणायला आजी जातात. येताना रस्त्यातली मांजर बघून दोघं एकपर्यंत घरी पोचतात, तोवर धाकटीची झोप झालेली असते. खर्च नुसत्या मावशींपेक्षा जास्त येतो. गौरी-गणपतीत मावशी आठ दिवस गावी गेल्या की सगळं कोलमडतं, तेव्हा नवरा आणि मी आळीपाळीने रजा टाकतो.

मावशी ठरवताना त्यांना संध्याकाळी चहाला बोलावू नका. अकराला बोलवा, दोन्ही पोरं समोर ठेवा आणि एकपर्यंत बाजूच्या खोलीत बसा. पगाराचं बोलणं त्यानंतर.